प्रमाणित कोबी

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी चहा परत पाठवला.

वजनमापे कार्यालयात साहेबांनी आजवर बऱ्याच गोष्टी परत पाठवल्या होत्या. रजेचे अर्ज, बदलीच्या विनंत्या, व्यापाऱ्यांच्या तक्रारी. एकदा तर नवी खुर्चीसुद्धा, कारण ती हेडक्लार्कच्या खुर्चीपेक्षा बोटभर बुटकी निघाली होती. चहा मात्र कधी परत आला नव्हता. शिपायाने कपबशी तशीच हेडक्लार्कच्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारलं, "भाऊसाहेब, ह्याची आवक नोंद करू का?"

भाऊसाहेब हसले. हेडक्लार्कला सगळं कार्यालय भाऊसाहेबच म्हणत असे. तेहेतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं, आणि इतक्या वर्षांत एकाही कागदावर चुकीच्या जागी सही केलेली नाही, ही त्यांची कमाई. त्यांनी चहाकडे पाहिलं. वर साय धरायला लागली होती.

"साहेबांना बरं नाही का?"

"उलट फार बरं वाटतंय म्हणतात," शिपाई म्हणाला. "तेच काळजीचं आहे."

साहेब पंधरा दिवसांच्या आरोग्य शिबिराला जाऊन आले होते आणि सहा किलो दोनशे ग्रॅमनी कमी झाले होते. आकडा पक्का होता, कारण जाताना आणि आल्यावर त्यांनी कार्यालयाच्याच काट्यावर वजन केलं होतं, आणि दोन्ही वेळा आधी काटा तपासून घेतला होता. गाल आत गेले होते, डोळे चमकत होते, आणि जो माणूस पूर्वी फायलीवर सही करताना जांभई द्यायचा तो आता उभं राहून सही करत होता.

दुपारी बैठक झाली. साहेब म्हणाले, "माझ्या आधीच्या साहेबांनी हे कार्यालय शाकाहारी केलं. त्यांचं ऋण मी मानतो. पण शाकाहार ही पायरी आहे, माडी नव्हे. प्राण्यांना आपण सोडलं. भाजीला मात्र आपण अजून उकळत्या पाण्यात टाकतो. का? तिने आपलं काय वाकडं केलंय?"

टायपिस्ट बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निरीक्षक मान डोलवू लागले. भाऊसाहेबांची मान मात्र हलली नाही. ते जन्मापासून शाकाहारी होते. त्यात त्यांचं स्वतःचं कर्तृत्व शून्य, पण कुंपणाच्या भिंतीवर बाहेर पाय सोडून मटण खाणाऱ्या शिपायाकडे पाहत ते गेली कित्येक वर्षं नाकाने कांदे सोलत आले होते. आज बसल्याजागी त्यांच्या लक्षात आलं की आपण आता खालून दुसरे आहोत.

घोषणापत्र तयारच होतं. "मी खाली सही करणार, कोणत्याही दबावाविना, स्वेच्छेने, बहुतांशी कच्च्या व संपूर्णतः वनस्पतिजन्य आहाराचा स्वीकार करीत आहे." खाली बारीक अक्षरात तळटीप होती: ज्यांना स्वेच्छा नसेल त्यांनी ती का नाही, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

शिपाई उठून उभा राहिला. "साहेब, मी तर अजून शाकाहारीच झालो नाही. मला मधली पायरी गाळता येईल?"

"थेट प्रवेश!" साहेब गहिवरून म्हणाले. "यातून बाकीच्यांनी काही शिकावं."

आणि भाऊसाहेब खालून पहिले झाले. त्यांनी सही केली. सही योग्य जागी होती.

कॅन्टीन म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. चार टेबलं, एक शेगडी, एक भलंमोठं पातेलं आणि मावशी. मावशी रोज भात, एक भाजी, पाव आणि सूप करायच्या. सूप रोज वेगळं असे आणि रोज तेवढंच वाफाळतं असे. त्यांना त्या शेगडीपुढे एकोणीस वर्षं दोन महिने झाले होते, आणि कागदावर त्या अजून तात्पुरत्या होत्या. सलग वीस वर्षं भरली की तात्पुरत्या माणसाला कायम करता येतं, असा नियम होता. दहा महिने उरले होते.

भाऊसाहेबांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर ते पहिल्यांदा कामावर आले त्या दिवशी सगळ्यांनी येऊन सांत्वन केलं, कार्यालयाकडून छापील पत्रही मिळालं. मावशी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी भोपळ्याच्या सूपाचा वाडगा पुढे ठेवला आणि तो रिकामा होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. घरची शेगडी तेव्हापासून भाऊसाहेबांनी पेटवली नव्हती. सकाळी ते पाव खात आणि संध्याकाळीही पावच खात. दिवसातलं गरम असं एकच, ते मावशींच्या हातचं. त्या दिवशी वाडगा परत देताना ते म्हणाले होते, "मावशी, तुमचा कायम होण्याचा कागद मी स्वतः साहेबांपुढे नेऊन ठेवीन. माझा शब्द आहे."

मावशींनी बैठकीची बातमी शांतपणे ऐकून घेतली. पातेलं पालथं घातलं, त्याच्यावर हात ठेवला.

"कच्चं खाऊन माणूस मरत नाही, भाऊसाहेब. माझी बकरी कच्चंच खाते, मजेत आहे. पण शिजवायचंच नाही म्हटल्यावर मला इथे कशाला ठेवतील?"

"छे छे! बहुतांशी म्हटलंय, मावशी. पूर्ण नाही. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही."

"शब्द?"

"दिलाय ना एकदा."

पहिल्या आठवड्यात कार्यालयात एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. दुपारी एक वाजता तो सुरू होई आणि तीनपर्यंत चाले. तीस माणसं एकाच वेळी गाजर, मुळा आणि फुलकोबी चावत होती. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि भाऊसाहेबांच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा तर कधीच पडलेल्या. त्यांचा हिशेब एका गाजराला बावीस मिनिटं असा बसला. उरलेलं गाजर ते खिशात घालून टेबलावर येत आणि फायलींवर शेरे मारता मारता संपवत. एका दुकानदाराने काटा तपासायला आणला तेव्हा निरीक्षकांच्या तोंडात बीट होतं. त्यांना बोलता येईना म्हणून त्यांनी नुसती मान हलवली, आणि दुकानदार काटा पास झाला असं समजून निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात सर्व खिडक्या कायम उघड्या ठेवण्याबद्दल तोंडी सूचना निघाली. कारण नमूद केलेलं नव्हतं. तसं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशी शेगडीपुढे हात बांधून बसून असत. शेगडी गार होती. भाऊसाहेबांना त्या गार शेगडीकडे पाहवेना, आणि खरं सांगायचं तर सूपावाचून राहवेना. शेवटी त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. नियमात फट शोधली.

"साहेब, घोषणापत्रात 'बहुतांशी' असा शब्द आहे. म्हणजे नेमकं किती, ते विहित केलेलं नाही. उद्या वरून तपासणी आली तर घोडं तिथेच अडेल."

साहेबांनी काकडीचा तुकडा खाली ठेवला. "पंचाहत्तर टक्के."

"कशाच्या, साहेब? घासांच्या, पदार्थांच्या, की..."

"वजनाच्या! हेडक्लार्क, आपण कोणत्या कार्यालयात बसलोय?"

ही बातमी पसरली तेव्हा कार्यालयात दोन आठवड्यांत पहिल्यांदा हशा पिकला. मोजायचंच असेल तर या तीस माणसांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॅन्टीनच्या दाराशी तपासलेला काटा लागला. शिपाई वजन करणार, भाऊसाहेब नोंदवहीत लिहून सही करणार. नियम सुटसुटीत होता: ताटातील एकूण अन्नापैकी वजनाने किमान पंचाहत्तर टक्के अन्न कच्चे असावे. मावशींनी शेगडी पेटवली. आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की तीनशे ग्रॅम गरम जेवण हवं असेल, तर ताटात नऊशे ग्रॅम कच्चं हवं. नऊशे ग्रॅम मुळा जो खाऊ शकतो त्याला वजनमापे कार्यालयात नोकरी करायची गरजच काय?

तिढा निरीक्षकांनी सोडवला. एके दिवशी ते नेमका नऊशे ग्रॅमचा कोबी घेऊन आले. अख्खा. तो ताटात ठेवला, शेजारी भात, भाजी आणि सूप घेतलं, काट्यावरून पार झाले, जेवले, आणि कोबी तसाच उचलून पुढच्याच्या ताटात ठेवला.

"अहो, हे..." भाऊसाहेब म्हणाले.

"नियमात 'ताटातील' आहे, भाऊसाहेब. पोटातील म्हटलेलं नाही."

भाऊसाहेबांनी नियम पुन्हा वाचला. मसुदा त्यांनीच लिहिला होता. निरीक्षक बरोबर होते.

तेव्हापासून तीस माणसं आणि एक कोबी अशी व्यवस्था बसली. कोबी दारातून आत येई, काट्यावर चढे, ताटातून ताटात फिरे आणि वाढायच्या खिडकीतून पुन्हा दाराशी जाई. त्याच्याबद्दल शंका राहू नये म्हणून देठावर पडताळणीचा शिक्काही मारला गेला, आणि कागदोपत्री त्याला प्रमाणित कोबी म्हणू लागले. मावशी म्हणायच्या, "रोज येतो, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो, पण जेवत काही नाही. पाहुणा असावा तर असा."

पण कोबी तो कोबीच. गुरुवारी त्याचं वजन आठशे साठ भरलं. दुसऱ्या कुठल्या कार्यालयात याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं, पण इथे एक प्रमाण वस्तू हलकी झाली होती. चौकशी झाली. वीस ग्रॅम सुकण्यात गेले असं निष्पन्न झालं. उरलेल्या वीस ग्रॅमबद्दल टायपिस्ट बाईंनी खाली मान घालून कबुली दिली. आपण घोषणापत्रावर सही केली आहे हे आठवून त्यांचं मन खाऊ लागलं होतं, म्हणून त्यांनी एक पान तोडून खाल्लं होतं. सबंध कार्यालयात त्या आठवड्यात कच्चं खाणारी ती एकटीच बाई. तिला 'प्रमाण वस्तू भक्षण केल्याबद्दल' कारणे दाखवा नोटीस मिळाली. भाऊसाहेबांना नोटीस टाइप करायला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा तीही बाईंनीच केली, आणि एकही चूक होऊ दिली नाही.

असं पुन्हा घडू नये म्हणून टिपणी वर गेली. कोबीऐवजी कोबीइतक्याच वजनाची, न सुकणारी, न किडणारी व भक्षण करता न येणारी प्रमाणित वस्तू वापरण्यास मान्यता मिळावी. भांडारात अशा वस्तू ढिगाने होत्या. बिडाची वजनं! पाचशेचं एक आणि दोनशेची दोन, मिळून नऊशे ग्रॅम. साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. साहेबांनी सही केली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "एक संच माझ्या केबिनमध्ये पाठवा."

"हो साहेब."

"आणि एक वाडगा. झाकणाचा."

त्या दिवसापासून शिपाई रोज एक वाजता झाकलेला वाडगा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ लागला. त्याला कोणी काही विचारलं नाही. साहेबांच्या गालांवर हळूहळू मांस चढलं, जांभयाही परत आल्या. कार्यालय पुन्हा पूर्वीसारखं झालं. फरक एवढाच की प्रत्येकाच्या ताटात भाताशेजारी तीन काळी वजनं बसलेली असत, आणि लोक ती इतक्या सहजपणे बाजूला सारून जेवत की जणू ती भाजीच होती. नोंदवहीची पानं भरत गेली. प्रत्येक पानावर तीस ओळी, प्रत्येक ओळीत पंचाहत्तर टक्के, आणि खाली भाऊसाहेबांची सही.

"किती राहिले?" मावशी सूप वाढताना विचारायच्या.

"पाच महिने."

मग चार. मग तीन. मावशींनी मुलीला कळवूनही टाकलं होतं की या खेपेला मी कायम होतेय. भाऊसाहेबांनी कायम करण्याचा प्रस्ताव आपल्या हाताने लिहून, दोरी बांधून खणात ठेवला होता. कधीकधी खण उघडून ते तो नुसता पाहून घेत. तेवढ्याने त्यांना बरं वाटे. तेहेतीस वर्षांत कुणासाठी काही केलं म्हणावं, तर ते हेच होतं.

दोन महिने उरले असताना वरिष्ठ कार्यालयाची समिती आली. साडेसात महिने सलग पंचाहत्तर टक्के, एकही दिवस चुकला नाही, ही कामगिरी वरपर्यंत गाजली होती. समितीच्या अध्यक्षा कॅन्टीनमध्ये आल्या. त्यांनी एका ताटातलं पाचशेचं वजन उचललं. तीस घास तीस तोंडांत थांबले. बाईंनी वजन उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "पडताळणीची मुदत?"

"पुढच्या वर्षापर्यंत आहे, मॅडम," निरीक्षक म्हणाले.

"छान." त्यांनी वजन पुन्हा भाताशेजारी ठेवलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. अभिनंदनाचे दोन परिच्छेद होते. तिसऱ्यात लिहिलं होतं की सदर कार्यालयातील शिजवण्याचे काम पंचाहत्तर टक्क्यांनी घटल्याचे अभिलेखावरून दिसून येते. त्यामुळे स्वयंपाकिणीच्या पदाची गरज एक चतुर्थांश उरते. नियमानुसार पद अर्धे करता येते, पाव करता येत नाही. सबब पद रद्द करणे क्रमप्राप्त आहे. तत्पूर्वी, प्रत्यक्षात किती अन्न शिजते याबाबत हेडक्लार्कचा अभिप्राय दोन दिवसांत मागवण्यात येत आहे.

भाऊसाहेबांनी कागद तीन वेळा वाचला. खणात दोरी बांधलेला प्रस्ताव होता आणि टेबलावर हा. दोन्हींत मावशी होत्या. एका ओळीचं काम होतं. 'प्रत्यक्षात पूर्वीइतकेच अन्न शिजते.' बस्स.

पण ती ओळ एकट्याने लिहायची म्हणजे आठ महिन्यांच्या नोंदवह्या खोट्या ठरणार, आणि त्यांच्या पानापानावर सही कोणाची? ते निरीक्षकांकडे गेले. सगळ्यांनी मिळून खरं काय ते लिहून देऊ, म्हणाले. निरीक्षकांनी वजनं रुमालाने पुसत उत्तर दिलं, "लिहायला हरकत नाही, भाऊसाहेब. पण माझ्या मुदतवाढीचा कागद साहेबांकडे आहे, तो एकदा होऊ द्या." टायपिस्ट बाई म्हणाल्या, "मला आधीच एक नोटीस आहे हो." बाकीच्यांनीही कानांवर हात ठेवले. ते हात थोड्याच वेळापूर्वी मावशींच्या सूपात पाव बुडवत होते.

भाऊसाहेब केबिनमध्ये गेले. टेबलावर झाकणाचा वाडगा होता, रिकामा. साहेब रुमालाने ओठ टिपत होते.

"साहेब, मावशींचं पद... आपण सगळेच त्यांच्या हातचं जेवतो. आज दीड महिना राहिलाय त्यांना. मी शब्द दिलाय, साहेब. निदान सूपाची तरी जाणीव ठेवून..."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. खरोखर काही समजलं नाही, अशीच नजर होती.

"कोणतं सूप?"

भाऊसाहेबांची नजर वाडग्यावर गेली. साहेबांची गेली नाही.

"नाही, काही नाही, साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी अभिप्राय लिहिला. 'अभिलेखानुसार शिजवलेल्या अन्नाचे प्रमाण अल्प आहे.' यात खोटं काही नव्हतं. अभिलेखानुसार तसंच होतं. ते वाक्य लिहिण्याआधी त्यांनी खणातला प्रस्ताव एकदा काढून पाहिला, हे मात्र कोणत्याच अभिलेखात नाही, म्हणून इथे सांगून ठेवलं. भित्रा माणूस होता. वाईट नव्हता, पण भित्रा होता, आणि त्या दिवशी मावशींना त्याने काही फरक पडला नाही.

निरोप समारंभ झाला. साहेबांनी मावशींच्या त्यागाचं कौतुक केलं आणि कार्यालयातर्फे त्यांना एक ताजा कोबी भेट दिला, लाल फीत बांधून. मावशी तो हातात घेऊन हसल्या. "हा जुनाच का?" त्यांनी विचारलं.

मग शेगडीला तार गुंडाळून शिशाचं सील लावायचं होतं. त्याआधी मावशींनी पातेल्याच्या तळाशी उरलेलं सूप एका वाडग्यात काढलं आणि भाऊसाहेबांपुढे ठेवलं. त्यांच्याने मान वर करवेना.

"मावशी, मी फार प्रयत्न..."

"खा आधी," मावशी म्हणाल्या. "गार होतंय."

आणि त्या समोर बसून राहिल्या, वाडगा रिकामा होईपर्यंत. मग पदर झटकून उठल्या, कोबी काखेत मारला आणि गेल्या. वीस वर्षांना एक महिना कमी होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तीस माणसं सवयीने कॅन्टीनमध्ये आली. सवयीनेच फळीवरून वजनं घेतली, ताटात ठेवली आणि रांगेत उभी राहिली. शिपायाने पहिलं ताट काट्यावर ठेवलं. नऊशे ग्रॅमपैकी नऊशे ग्रॅम. त्याने भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"शंभर टक्के, भाऊसाहेब. काय लिहिता?"

जे होतं ते भाऊसाहेबांनी लिहिलं. तासाभरात साहेबांनी वर फोन केला. आठवडाभरात त्यांची बढती झाली. त्यानंतर घरून डबा आणायची सोय राहिली नाही, कारण चमचाभर भातानेही आकडा शंभरावरून खाली आला असता, आणि एकदा गाठलेलं उद्दिष्ट खाली आणायची तरतूद नियमांत नव्हती. म्हणून रोज एक ते दीड तीस माणसं आपापल्या तीन वजनांपुढे बसून राहत. कोणी हवापाण्याच्या गप्पा मारी, कोणी पोट दाबून धरी. पोटात कावळे ओरडत, पण त्यांची नोंद होत नव्हती. शिपाई पुन्हा कुंपणाच्या भिंतीवर बाहेर पाय सोडून बसू लागला, आणि भाऊसाहेब खिडकीतून त्याच्याकडे पाहत राहत. आता त्या नजरेत कांदे सोलणं नव्हतं.

महिनाभराने एका दुपारी शिपाई भिंतीवरून उतरून आत आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला वाडगा होता. त्याने तो भाऊसाहेबांच्या ताटात, वजनांशेजारी ठेवला. फडक्यातून वाफ येत होती.

"बाजारात मावशी भेटल्या. त्यांनी पाठवलंय. भोपळ्याचं. म्हणाल्या, भाऊसाहेबांना दाढा नाहीत, त्यांचे हाल होत असतील."

सगळे पाहू लागले. वास सबंध खोलीत पसरला. टायपिस्ट बाईंनी डोळे मिटून घेतले. भाऊसाहेबांचा हात वाडग्याकडे गेला. मग त्यांना काटा दिसला. काट्याशेजारी उघडी नोंदवही दिसली, आणि त्यातला आजचा आकडा, जो अजून लिहायचा होता.

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली. नीट, घट्ट बांधली. वाडगा शिपायाच्या हातात दिला. भांडं अजून गरम होतं.

शिपाई दारापर्यंत जाऊन वळला. "भाऊसाहेब," त्याने विचारलं, "ह्याची जावक नोंद करू का?"

भाऊसाहेबांनी शंभर टक्के लिहून खाली सही केली. सही योग्य जागी होती.

या कार्यालयाचा प्रयोग आता सगळीकडे लागू होणार आहे. आधी कार्यालयांत, मग शाळांत, मग घरोघर. घोषणापत्र तुमच्याकडेही येईल, कशाचं ते तेव्हा कळेलच. आत्ता हसलात त्याचं काही नाही, चहा परत आला तेव्हा भाऊसाहेबही हसले होते. 'स्वेच्छेने' हा शब्द छापलेलाच असेल, तो पुन्हा लिहायची तसदी नको. आणि सही कुठे करायची, हे शिपायाला विचारत बसू नका. मागच्या वेळी केली होतीत ना, तिथेच करा.